पाटलीणबाईचं बालपण आणि माझ्या कुरडया

आता माझं शहाणपण ऐका, आणि हसायचं तर खुशाल हसा. एका कादंबरीपायी मी भर नळावर तोंडघशी पडले!

मी चौथी पास, पण वाचायचं वेड. लेकीनं दौंडच्या वाचनालयातून कादंबरी आणली. आधीच्या पुस्तकात सुनांना छळणारी एक पाटलीण होती. तिला मी पानोपानी शिव्या घातल्या होत्या. हे पुस्तक तिच्या लहानपणाचं. सावत्र आई तिला उपाशी ठेवते, चटके देते... काय गोडी लागली म्हणता! तव्यावर भाकरी करपली, तरी मी उठेना. पदर भिजला हो, त्या मेलीसाठी!

पुस्तक मिटलं आणि डोक्यात उजेड पडला. माझी धाकटी जाऊ, शालन. भिंतीला भिंत लागून घर, पण बारा वर्षं अबोला. तोंड उघडलंच तर भांडायला! हिनंही असंच काही सोसलं असेल की! म्हटलं, हिचं दुःख ऐकायचं, पोटाशी धरायचं, अबोला मोडायचा.

तशीच नळावर गेले. बायकांची ही रांग!

"शालन, खरं सांग. सावत्र आई लई मारायची का गं?"

"कुणाची सावत्र? माझी आई सख्खी हाय, मांडवगणात ठणठणीत हाय!"

"मग उपाशी ठेवायची व्हय?"

"आक्का, माझं माहेर काढू नका!" तिनं हंडा आपटला.

मी कसली गप्प बसते? "अगं, मग तू अशी कडू झालीस कशानं?"

"तुमच्यानं! लगीन झालं त्या उन्हाळ्यात तुमच्या कुरडया मोडल्या. सगळ्यांदेखत म्हणालात, नव्या नवरीच्या हाताला गुण न्हाई. तवापासून ह्या आळीत मला वाळवणाला कुणी बोलावलं का? इचारा ह्यांना!"

सगळ्या बायका आपापल्या हंड्यात बघायला लागल्या.

मला सगळं आठवलं. चीक मीच घाईत कच्चा उतरवला होता. सासूचं बोलणं खायला नको म्हणून नवरीवर ढकललं. आणि वर विसरूनही गेले!

तिथंच कबूल केलं. चार दिवसांनी गहू भिजवून चीक शिजवला, अंगणातनं शालनला हाक मारली. तिच्या दाराची कडी लागली, तेवढी ऐकू आली.

पुस्तक परत द्यायला मीच गेले. वाचनालयातले भाऊ म्हणाले, "ताई, आवडलं का? पाटलीणबाईला कुणी बिघडवलं, कळलं ना?"

"कळलं. पण लिहिणाऱ्याची चूक झालीया, भाऊ. सावत्र आई न्हाई ती. थोरली जाऊ हाय."