पोपटाचं माप

“हा पोपट कुणाचा?” वनखात्याच्या माणसाने विचारलं. पेंढा भरलेला पोपट त्याच्या तळहातावर होता, अंगात अजून टाचण्या होत्या. सुलूच्या दारात अख्खा मजला जमला होता. मी सगळ्यात पुढे.

“मला काय माहीत,” मी म्हणाले.

पोपट माझा होता.

सुलू परब कांदिवलीच्या आमच्या इमारतीत माझ्या शेजारी राहायची. मूळची मालवणची. चाळीस वर्षं तिने बायकांचे ब्लाऊज शिवले. कुणी दारात दिसलं की तिचा हात आधी गळ्यातल्या टेपकडे जायचा. साठी उलटल्यावर एकदा तिला खिडकीच्या ग्रिलवर मेलेली साळुंकी मिळाली. मी म्हटलं, “केरात टाक.” ती पिसांवरून बोट फिरवत म्हणाली, “एवढा चांगला कापड फेकूचा?”

तिथून सुरू झालं. मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायला ती मोबाइलवर बघून शिकली. त्यातला गोरा माणूस इंग्रजीत बोलायचा. मी चौथी शिकलेली, ती पाचवी. “तुला काय कळतं गं त्याचं?” मी विचारलं. “भाषा कित्याक व्हयी? हात कळतत,” ती म्हणाली. कातडी सोलायची, कुजू नये म्हणून आतून टाकणखार चोळायचा, तारेवर कापूस गुंडाळून अंग बनवायचं, त्यावर कातडी चढवून शिवायची. साळुंकी पार बिघडली. मान बदकासारखी लांब झाली. मग सरावाला ती पिसांसकट कोंबड्या आणायला लागली. आतलं मटण मजलाभर वाटायची, म्हणून कुणी वासाबद्दल बोलत नव्हतं.

“आता कोंबडीलापण ब्लाऊज का?” मी म्हटलं.

“तिचा माप बरा येता. तुझ्यासारखी पोट आत ओढून उभी रवणा नाय.”

खरं होतं. टेप लावली की मी श्वास रोखायची. मग ब्लाऊज घट्ट व्हायचा आणि मी तिलाच बोलायची.

पोपट आमच्या ह्यांचा. ह्यांच्याच आवाजात “चहा टाक गं” म्हणायचा. हे गेल्यावरही सहा वर्षं म्हणत राहिला. मी त्याच्यावर ओरडायची आणि चहा टाकायची. तो मेला तेव्हा पेपरात गुंडाळून सुलूकडे नेला. पोपट पाळायला बंदी आहे, भरायलाही, हे दोघींना माहीत होतं. “ठेव थंय,” ती म्हणाली. कात्री घेण्याआधी तिने त्याला टेपने तीनदा मापलं. “आधी माप, मगे कात्री.” डोळ्यांसाठी मी माझ्या जुन्या मंगळसूत्रातले दोन काळे मणी दिले. ते बसवल्यावर पोपट माझ्याकडे बघायला लागला.

“आठ दिस सुकू दे, मगे ने.”

पाचव्या दिवशी कुणाच्या तरी तक्रारीवरून वनखात्याची माणसं आली.

मी ‘माहीत नाही’ म्हटलं तेव्हा सुलूने माझ्याकडे पाहिलंही नाही. “माझाच आहे, साहेब,” ती म्हणाली. त्या माणसाची नजर माझ्या दाराशी टांगलेल्या पिंजऱ्यावर गेली.

“आणि हा?”

“कांदे ठेवायला,” मी म्हणाले. पोपट मेल्यावर त्यात कांदे मीच भरले होते. मजल्यावरच्या प्रत्येकाने तो चहाचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता. कुणी तोंड उघडलं नाही. मी घाबरले होते, हे खरं. पण ती बाई माझं नाव घेणार नाही, याची मला खात्रीही होती. लाज वाटते ती त्याची.

पोपट, साळुंकी, सगळं जप्त झालं. केस झाली. दुखरे गुडघे घेऊन सुलू तारखांना जायची. मी एकदाही सोबत गेले नाही. तिथे कुणी विचारलं असतं, तुम्ही कोण?

मधे एकदा ब्लाऊजपीस घेऊन गेले, माफी मागायची ठरवून. तिने टेप लावली. मी नेहमीसारखा श्वास धरला. ती थांबली.

“सोड गो श्वास, इंदू. खरा माप येंव दे.”

मी श्वास सोडला. तोंडातून निघालं ते एवढंच, “बाही जरा लांब ठेव.” तिने माप वहीत लिहून घेतलं.

तो ब्लाऊज मला बरोबर बसतो.

केसचा निकाल लागायच्या आधी सुलू गेली. मी जिवंत आहे, आणि तो पोपट माझा होता हे अजून कुठल्याही साहेबाला सांगितलेलं नाही.