एका बाईच्या दोन नोंदी

मागच्या आठवड्यात जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मी लोणावळ्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात लॅब आणि संशोधनाच्या नोंदी सांभाळते. आमच्या मॅडम मावळातल्या मूल न होणाऱ्या जोडप्यांचा कितीतरी वर्षं अभ्यास करतायत. त्या आता निवृत्त होतायत, म्हणून शेवटच्या पेपरसाठी मी जुन्या नोंदी तपासत होते.

२. दोन नोंदींत जन्मतारीख, रक्तगट आणि माहेरचा फोन नंबर सारखा निघाला. नावं मात्र पूर्ण वेगळी.

३. पहिली नोंद: लग्नाला पाच वर्षं, मूल नाही, पत्नीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. पतीची तपासणी: नकार.

४. दुसरी नोंद, काही वर्षांनंतरची: नुकतंच लग्न, पत्नी घाबरलेली, म्हणून सल्ल्यासाठी आली. दोघांची तपासणी झाली. उपचाराशिवाय दिवस राहिले. मुलगी.

५. बाई एकच. लग्नात नवरीचं नाव बदलतात, तिचं दोनदा बदललं. कॉम्प्युटरने तिला दोन बायका धरलं होतं.

मॅडमच्या संशोधनाचं सार साधं आहे. बायकांच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालतात आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी राहून जाते. यावरचा त्यांचा पहिला पेपर आल्यावर आमच्याकडे नियम झाला... पहिल्याच दिवशी दोघांची तपासणी. मग आसपासच्या काही दवाखान्यांनीही तो उचलला. या दोन नोंदींच्या मधल्या काळात तो नियम आला होता.

मी दोन्ही कागद मॅडमपुढे ठेवले. पहिल्या कागदावर त्यांचीच सही होती.

"हिच्यामुळे मला नवऱ्यांच्या तपासणीचा प्रश्न पडला, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण मला ही आठवतच नाही गं."

नोंदी जोडायला तिची परवानगी लागणार होती. पुन्हा संपर्क करायला तिने पूर्वीच संमती दिली होती, म्हणून मी फोन केला. फोनवर नको म्हणाली. इंदुरीला भेटलो... ते तिचं माहेर नाही आणि सासरही नाही, म्हणूनच तिने निवडलं होतं.

सोबत चार वर्षांची मुलगी होती. मी सगळं समजावून सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

"तुमच्या कॉम्प्युटरला दोन बाया दिसल्या व्हय? मग ताई, एकीला कामावर धाडा आन् एकीला जरा निजू द्या."

मग मी तिला तिचा पहिला कागद दाखवला. 'पतीची तपासणी: नकार' ही ओळ तिने बोट ठेवून वाचली. दोनदा वाचली.

"सासूबाई म्हनल्या व्हत्या, त्याचं समदं चांगलं हाय. मला वाटलं तपासलंय."

मला नेमकं बोलायची सवय आहे. म्हटलं, यावरून त्यांच्यात दोष होता असं ठरत नाही. तपासलं नाही, एवढंच ठरतं.

"मग माझ्यात हाय, हे तरी कुटं ठरलं व्हतं? मला तर माघारी धाडलं."

मुलगी माझ्या पेनाचं टोपण उघडत होती, बंद करत होती. मी तिच्याकडून पेन घेऊन तिच्या आईपुढे ठेवलं.

परवानगीच्या कागदावर तिने लगेच सही केली. मला वाटलं काम झालं. मी उठले, तर तिने माझी ओढणी धरली.

"माझ्या पैल्या मालकांनी दुसरी केली ताई. तीन वर्सं झाली. तिला पन उपास धरायला लावल्यात, तिचीच औषधं चालू हायेत. तिला सांगा ना."

मी सांगितलं, शक्य नाही. ती आमच्याकडे आलेली नाही. तिला फोन करून मी तिच्या नवऱ्याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाही... आणि तो नियमही बरोबरच आहे.

तिने जरा विचार केला.

"मग आपल्या मावळच्या बायांच्या फेसबुक ग्रुपवर लिवा. माझं नाव नका टाकू. ती बघती. माझ्या पोरीच्या परत्येक फोटोला अंगठा देती ती. कधी बोलली न्हाई... पन एक फोटो चुकवत न्हाई."

हे लिहू का, असं मी विचारलं. त्यावरून कुणीतरी ओळखेल, हेही सांगितलं.

"तेच लिवा. तेवढ्यावरनंच वळखंल ती. बाकीच्यांस्नी काय कळतंय?"

हा मजकूर मी तिला काल वाचून दाखवलाय. बाकीच्या खुणा बदलल्यात. एकच वाक्य वाढवायला सांगितलं तिने: "तिला म्हनावं, मी तुझ्यावर रागावलेली न्हाई."

मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या कामाचं मोजमाप आजवर मी आकड्यांत केलं. यावेळी ते एका बाईपर्यंत पोचतंय की नाही, एवढंच मला बघायचंय.

तर, येत्या रविवारी सकाळी मॅडम फक्त अशा जोडप्यांसाठी बसणार आहेत, जिथे आजवर बायकोचीच तपासणी झाली. फी नाही. नवऱ्याची तपासणी त्याच दिवशी होईल, आणि रिपोर्ट दोघांनाच कळेल.

यायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला मेसेज करा. नाव नको. दोघं येणार की एकट्या, एवढंच लिहा.

एकट्या आलात तरी चालेल.