हातावरची साखर

बायको गेली आणि घरातला देव माझ्या गळ्यात पडला. खरं सांगतो, मला हौस नव्हती. सगळा जन्म ते तिनं केलं. मी मिठागरातून यायचो, हातपाय धुवायचो आणि लांबूनच हात जोडायचो. जाताना ती एवढंच बोलली, "आईचा दिवा बंद पडू देऊ नका." आई म्हणजे आमची एकवीरा. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला दिवा लावत होतो, पण मनात राग धरून. जिनं माझं माणूस उचललं तिलाच मी तेल घालतोय, असं वाटायचं.

पुढं पुढं तेल समईत कमी आणि खाली जास्त पडायला लागलं. ज्योतीवर काळे धागे तरंगायचे. मला वाटलं काजळी धरली असेल. समई घासली, वात बदलली, धागे तिथंच. मान वळवली तर भिंतीवर पण आले. तेव्हा कळलं, घाण समईत नाही, डोळ्यात आहे.

सुनेनं धरून पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खराब केलाय, बारीक शिरा गळतायत, लेझर करायला लागेल. मी तोंडावर विचारलं, "म्हंजे डोला जालनार ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बाबा, आत बारीक बारीक डाग देणार, म्हणजे बाकीचा पडदा वाचेल." मी विचारलं, मग पहिल्यासारखं दिसेल का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. "गेलं ते बहुतेक परत येत नाही. आहे ते राखायचं. थांबलात तर तेही जाईल."

घरी येऊन मी बाजेवर पडून राहिलो. म्हटलं, गेलेलं येणार नसेल तर कशाला हा खटाटोप? आणि आता बघायचं तरी काय राहिलंय? जिला बघायचं ती गेली. खांदा कॉलनीतल्या या घराच्या खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात, त्या नाही दिसल्या तरी माझं काही अडत नाही. पण संध्याकाळ झाली, मी चाचपडत काडीपेटी शोधली आणि तशीच हातात धरून बसलो. आंधळ्याच्या हातात काडीपेटी कोण देणार? पोरगा आणि सून कामावरून अंधार पडल्यावर येतात. माझे डोळे गेले की तिचा दिवा गेला. तिनं मागितलेली एकच गोष्ट. तिथं माझा निर्णय झाला.

मंगळवार ठरला, देवीचा वार. आमच्यात घरातलं मोठं काम असलं की ते पार पडेपर्यंत बायका तोंडात काही घालत नाहीत. ती तसंच करायची, म्हणून मीही ठरवलं. शिवाय चिरफाडीला उपाशी जातात हे ऐकून होतो. सुनेनं विचारलं, खाल्लं का, मी हो म्हणून मान हलवली. साखरेची गोळी मात्र गिळली, कारण गोळी म्हणजे औषध, ते काही खाणं नव्हे. माझी अक्कल एवढीच.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घातले आणि बाकावर बसवलं. सून औषधं आणायला खाली गेली. हळूहळू सगळं विरघळायला लागलं. दिव्यांना कडी आली, माणसांच्या सावल्या झाल्या, पांढऱ्या भिंती भर दुपारच्या मिठागरासारख्या चकाकायला लागल्या. त्या चकाकीत मला घाम फुटला, हात थरथरायला लागले. वाटलं, आता बांधावरून मिठाची पाटी घेऊन बायको येईल. मला बरं वाटत होतं की वाईट, तेच कळत नव्हतं.

"चाचा, काय होतंय?" शेजारून बाईचा आवाज आला. "नाश्ता केलाव का?"

मी म्हटलं, "उपास हाय. साखरेची गोली तेवढी घेतली."

"साखर हाय, गोली घेतलीव, आनि उपास?" ती जवळजवळ ओरडलीच. "हात करा पुढं."

तिनं पुडी फाडली आणि माझ्या तळहातावर दाणे ओतले. पांढरे, चमकणारे. मला वाटलं मीठच. सगळा जन्म हातावर तेच घेतलं होतं. मी मूठ मिटून घेतली. "नको बाय. देवीचं हाय."

"तुमच्या देवीला उपास पायजे का तुमी पायजे? आमचा रोजा पन आजारी मानसाला माफ असतो. खा गुपचूप."

मी खाल्ली. ओठाला साखर लागली आणि रडू आलं. इतकं दटावून मला बायको गेल्यापासून कोणी खायला घातलं नव्हतं.

ती उरणची होती. घरात घडी केलेल्या कपड्यांसारखा तिच्या ओढणीला वास होता. तिचं एका डोळ्याचं लेझर आधीच झालेलं. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, "भूल द्यायचा थेंब घालतात, मग डोल्यावर काच बसवतात. हनुवटी टेकायची. हिरवा उजेड येतो, पटपट पटपट. मधीच टोचतं, पन सोसतं. उजेडाच्या मागं डोला पलवू नका. सांगतील तिथं नजर ठेवा, बाकी होतंय आपसूक."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. मिठागरात मी नवा होतो तेव्हा अरुंद बांधावरून पाटी नेताना खालच्या चकाकीनं माझे डोळे दिपायचे, पाय घसरायचा. तेव्हा बायको मागून हाक मारायची, "खाली बघू नका. पल्याड नजर ठेवा, बाकी होतंय आपसूक." हेच, असंच. मी चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण थेंबांनी तिथं नुसता उजेड होता.

तेवढ्यात सून आली. नर्सनं साखर तपासली, बिस्किटं खायला लावली, थोडं थांबवलं आणि मग आत नेलं. हनुवटी टेकली, कपाळ पट्ट्याला लावलं. हिरवा उजेड सुरू झाला. काही वेळा डोळ्याच्या मागं ठणका लागला, पण मी हललो नाही. मला बांध दिसत होता, दोन्ही बाजूंना पाणी पेटल्यासारखं झालेलं, आणि पुढं तिची पाठ. ती वळून बघत नव्हती. मी पण हाक मारली नाही. नुसता चालत राहिलो, आणि चालता चालता माझा राग कुठंतरी पाण्यात पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं बाबा, छान बसलात." अजून एकदा यायचं आहे, हेही सांगितलं.

बाहेर आलो तर बाक रिकामा होता. तिलाही आत बोलावलं असेल, नाहीतर गेली असेल. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. उरणची मुसलमान बाई होती, तिला माझाच आजार होता, आणि पिशवीत साखर ठेवायची तिची सवय होती. पण माझ्या शेजारी तिला कोणी बसवलं, ते मला विचारू नका.

घरी येईस्तोवर काळ्या चष्म्याआड सगळं धूसर, गुलाबी होतं. दिवा लावायला बसलो. तळहाताच्या रेघांत साखरेचे दोन दाणे चिकटून राहिले होते, ते देवीपुढं झटकले. मी म्हटलं, "आई, गेलं ते आता मागत नाय. उरलंय तेवढं तू बघ."

काडी ओढली. ज्योतीवर धागे होतेच. तेल याही वेळी थोडं खाली सांडलं. मी बोटानं पुसून डोक्याला लावलं. बायको असती तर ओरडली असती.