अप्पांच्या सायकलीचं इंजिन

चुडाव्यात स्टेशनाकडं जायच्या रस्त्याला माझं दुकान हाय. मी धम्मशीला. फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी, पाण्याची इंजिनं, सगळं खोलते अन् जोडते. गिऱ्हाईक मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. भीमाशंकर अप्पांनाबी ठाऊक होतं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं न्हाई.

अप्पा म्हंजे चटणीवाले. वय सदुसष्ट, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बायको भागम्मा शेंगदाण्याची अन् कारळाची चटणी कुटून द्यायची, अप्पा सायकलीला दोन डबे लावून चार गावं हिंडायचे. गावात शिरलं की लांब हाळी, "चटणीऽऽ कारळाचीऽऽ!" चाळीस वर्षं हीच हाळी. बाया हात पुसत, बरण्या घेऊन दारात यायच्या.

औंदा त्यांचा गुडघा गेला. पुण्याचा लेक विरेश म्हणाला, "अप्पा, बास झालं आता. दिवाळीला येतो, दोघांनाबी घेऊन जातो." भागम्मा चटणी कुटत राहिली. अप्पा सायकल ढकलत माझ्या दुकानी आले.

"धम्मा, हिला इंजिन बसव. दिवाळीपतूर फेरी जमली तर राहतो, न्हाई तर पुण्याला जाऊन गॅलरीत बसतो."

साध्या आवाजात बोलले, पण डब्याची कडी घट्ट धरली होती. मला लय वाईट वाटलं. ते दिसू नये म्हणून मी उगंच पाना शोधायला लागले.

तीन इंजिनं मांडली. एक जुन्या मोपेडचं, ते इतकं जड की सायकलीची दांडीच वाकली असती. दुसरं फवारणी पंपाचं, तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारं, धूर सोडणारं, पण ताकदीचं. तिसरं गवत कापायच्या मशिनीचं, बारकं, थंड डोक्याचं, निस्तं पेट्रोल पिणारं. अप्पा एकेका इंजिनाजवळ डोळे मिटून उभे राहायचे अन् इंजिन चालू असतानाच हळूच हाळी द्यायचे.

"अप्पा, तुमी इंजिन घ्यायलाव का तबला?" मी वैतागले.

"हे तिसरं बरं वाटायलंय. बोलू देतंय माणसाला."

"त्याच्यात जीव न्हाई! चढाला रडंल ते. मला शिकवू नका."

फवारणीचंच बसवलं. क्लचची भानगडबी ठेवली न्हाई, साखळी सरळ मागच्या चाकाला जोडली. मधी इंजिन बंद केलं की चाक जाम. परत चालू करायचं तर सायकल ढकलत पळायचं, अन् त्या गुडघ्यानं अप्पा पळणार कुठून? म्हणून सकाळी शेजारची पोरं ढकलून चालू करून द्यायची, अन् परत येईपतूर इंजिन चालूच; थांबायचं तर मागचं चाक स्टँडवर अधांतरी फिरत ठेवायचं. रस्त्यावर अशी पळाली सायकल की मीच टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी अप्पा आले. दोन्ही डबे भरलेले.

"धम्मा, गावात शिरलो की धडाधड दारं लागायलीत. बाया वाळायचे कपडे आत ओढायल्यात, पाण्याच्या घागरींवर झाकणं ठेवायल्यात. हाळी कुणाला ऐकूच येईना."

अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डेंगीचे दिवस. ग्रामपंचायतीचा माणूस डास मारायला धुराची मशीन घेऊन फिरायचा, तिचा आवाज हुबेहूब असाच, धूरबी असाच. खाण्याची चटणी घेऊन जाणाऱ्या माणसाला मी डास मारणारा करून ठेवला होता! माझीच मला लाज वाटली. अप्पांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"विरेशला हो म्हणून सांगू का आता?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस थांबा," मी म्हणाले.

गवताच्या मशिनीचं इंजिन घेतलं. गती वाढली तरच पकडणारा क्लच लावला, बाजूला वेगळं फ्रीव्हील टाकलं. इंजिन बंद केलं तरी सायकल साध्या सायकलीवानी हलकी, अन् बसल्या जागी दोरी ओढली की चालू. पहिल्या फेरीला मी स्कूटीवर मागं गेले. चढावर इंजिन रडलं, पण चढलं.

पहिल्या गावाच्या वेशीवर अप्पांनी इंजिन बंद केलं, गळ्यातल्या डबीला हात लावला अन् हळूहळू पायडल मारत आत शिरले. "चटणीऽऽ कारळाचीऽऽ!"

एक दार उघडलं, मग दुसरं. ऐंशीच्या घरातली कस्तुराबाई, डोळ्यांनी अधू, भिंत धरत ओट्यावर आली. बरणी हातातच होती.

"मेल्या, कुठं होतास इतके दिस? रोज बरणी घासून उन्हात ठेवायले मी. काल शेजारणीला म्हणलं, चुडाव्याला कुणाला तरी विचार, भीमाशंकर हाय का गेला."

"आलतो की आक्का. चार दिवस तुझ्याच दारावरनं गेलो."

"तो फटफट धूरवाला तू होतास? अगं बाई! मी तर कडी लावून घेतली!"

अप्पा असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मी आपली स्कूटीच्या आरशाकडं बघत बसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विरेशचा होता.

"आता न्हाई बाबा, हातात बरणी हाय," अप्पा चटणी भरत म्हणाले. "दिवाळीला ये की. परतीचं तिकीट मातर तुझ्या एकट्याचंच काढ."