झुंबरकाकूंची पिवडीची खोली

मी लग्न होऊन सावद्याला आले ती १९५६ च्या वैशाखात. सासरी केळीचे मळे होते, कापूस होता, माणसं भरपूर होती. घर मात्र कोंदट. भिंती धुराने काळवंडलेल्या, भरदुपारी आत पाऊल टाकलं तरी डोळ्यांना काही दिसायला वेळ लागायचा. एकच खोली वेगळी होती आणि ती आम्हा नवराबायकोला दिलेली होती.

तिच्या भिंती फिकट पिवळ्या होत्या. खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा, म्हणजे पाठ टेकली तरी डाग दिसू नये. छताचे वासे चुन्याने पांढरे केलेले, त्यामुळे बुटकी खोली उंच वाटायची. झरोका एकच, पण त्याच्या समोर आरसा टांगलेला होता. सकाळचा उजेड त्यावर पडून पार कोपऱ्यापर्यंत जायचा. झरोक्याला अंजिरी पडदा. सासरची माणसं फार हौशी आहेत, असं मी आईला पत्रात लिहिलं.

पोळ्याच्या सुमारास झाडायला म्हणून खाट ओढली, तर मागे गेरूची रेघ वाकडीतिकडी दिसली. दोनदा पुसून पुन्हा ओढलेली. रंगाऱ्याचा हात काही असा नसतो. मी लीलाधरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं.

"काकूनं रंगवली ना," ते म्हणाले. "तिचीच खोली होती ही."

काकू म्हणजे झुंबरबाई, माझ्या चुलतसासू. परसात कडब्याची कोठी होती, तिथे त्या राहायच्या. विधवा बाई, मूलबाळ नाही, एकटं राहणं त्यांना आवडत असेल, असं मी धरून चालले होते. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं.

बाकीचं मी शेजारच्या पुष्पाबाईंकडून ऐकलं. काकूंचे यजमान गिरधर १९४९ साली विषमज्वराने गेले. तेराव्यानंतर काकूंना पुढच्या खोलीतून उठवून या मधल्या अंधाऱ्या खोलीत घातलं. तिथे तेव्हा सरकीची पोती असत. पाच वर्षं त्या पोत्यांच्या कडेला झोपल्या. मग एका दिवाळीला माझ्या सासऱ्यांनी, जीवरामभाऊंनी, ओसरी रंगवायला पारोळ्याचा चिंधा रंगारी बोलावला. काकू त्याला चहा द्यायला गेल्या आणि तिथेच रेंगाळल्या. अंधाऱ्या खोलीला कोणता रंग द्यावा, असं त्यांनी हळूच विचारलं.

"अंधारी खोली शे ना, अक्का? मंग पिवडी लावा," चिंधा म्हणाला. "उजेड वाढी."

उरलेला चुना आणि मूठभर पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, त्यानेच काकूंसाठी ठेवून दिली. काकूंनी चुन्यात पिवडी आणि डिंक कालवला, केरसुणीच्या काड्यांचा कुंचला बांधला आणि आठ दिवस, घरातली कामं उरकल्यावर, भिंती रंगवल्या. गेरू त्यांनी ओढ्याकाठून आणला. पडदा त्यांच्या लग्नातल्या लुगड्याचा होता. माझ्या सासूबाई, कमलबाई, संतापल्या. "रांडमुंड बाईले रंग कायले पाह्यजे व?"

काकू एवढंच म्हणाल्या, "अंगावर त नाही ना घेतला, जाऊबाई."

मग गावातल्या बायका खोली बघायला येऊ लागल्या. जीवरामभाऊही पाहुण्यांना आत नेऊन दाखवू लागले. दीड वर्ष असं चाललं. लीलाधरांचं लग्न ठरलं, तेव्हा नव्या सुनेला कोणती खोली द्यायची हे कुणाला विचारावंच लागलं नाही. उरलीसुरली पोती तिथून हलवली, आणि काकूंचं अंथरूण कडब्याच्या कोठीत गेलं. आरसा आणि पडदा मात्र जिथल्या तिथे राहिले.

हे ऐकून मी कोठीत गेले. काकू गवऱ्या रचत होत्या. मी म्हणाले, "काकू, मला माहीत नव्हतं. तुम्ही परत या तिथे. मी यांच्याशी बोलते."

"येडी का काय तू? नवी पोर हायेस. गप राह्य."

मी लीलाधरांशी बोलले. ते म्हणाले, "भाऊंपुढे कोण तोंड उघडणार? तू उघडणार?" मी उघडलं नाही. त्याऐवजी एका बाजाराच्या दिवशी शेरभर पिवडी आणली आणि कोठीत नेऊन ठेवली. म्हटलं, आपण दोघी मिळून ही रंगवू, उजेडासाठी वर एक कौल काढून काच बसवू.

काकूंनी पुडीची गाठ सोडली, चिमूटभर भुकटी बोटांवर घेतली, आणि गाठ पुन्हा मारली.

"राहू दे बाई. चांगली केली त हेबी जाईन."

पुढची तीन वर्षं त्या तिथेच राहिल्या. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. मी ताट नेऊन द्यायचे, थोडा वेळ बसायचे. खोलीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माझी मुलगी झाली, तेव्हा बारशाला काकू आमच्या दारापर्यंत आल्या. आत या म्हटलं, तर तिथूनच बाळावरून हात ओवाळून, कानशिलावर बोटं मोडून परत गेल्या.

१९५९ च्या पौषात त्यांची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. भेटायला नातेवाईक येणार, ते कोठीत कसे येतील? म्हणून जीवरामभाऊंनी काकूंना उचलून आमच्या खोलीत आणायला सांगितलं. काकूंनी नको नको केलं, पण अंगात ताकद नव्हती. दोन दिवस त्या तिथे पडून होत्या. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "भाऊंनी भावजयीची काय सुरेख व्यवस्था ठेवली!" काकूंचे डोळे मिटलेले असायचे. त्यांना ऐकू जात होतं की नाही, मला सांगता येणार नाही. एकदा फक्त मी पाणी पाजताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि बोटांकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

सुतक फिटल्यावर सासूबाई म्हणाल्या, खोलीत माणूस गेलं, चुना मारून घ्या. गडी आला. नुसता पांढरा चुना, दोन हात. भिंती, पट्टा, वासे सगळं एक झालं. त्याच्या बादलीत पाणी मीच ओतत होते. थांब म्हणावंसं वाटलं, पण सासूबाई दारात उभ्या होत्या.

दुपारपर्यंत काम संपलं. रात्री आम्ही तिथेच झोपलो.