अंगणातले रूळ

लेथवाल्यानं माझ्या हातचं चाकाचं चित्र उलटं करून पाहिलं, मग पुन्हा सुलटं केलं.

"कायचं पार्ट होय हे, काकू? थ्रेशरचं?"

"इंजिनाचं."

"कोन्त्या? ऑइल इंजिनच्या?"

"रेल्वेच्या," मी म्हणाले. "अशी आठ पायजेत. आतल्या बाजूनं ही कड ठेवजा, म्हंजे चाक रुळावरून घसरत नाही."

दुकानात पंपाचा शाफ्ट घेऊन बसलेले दोघं हसले. लेथवाला हसला नाही, पण त्यानं सगळे विचारायचे तोच प्रश्न विचारला. "नातवासाठी बनवून राह्यले का?"

"नाही. माह्यासाठी."

आता वाटतं, सगळी भानगड त्या एका उत्तरात होती. नातवाचं नाव पुढं केलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. आजी नातवासाठी काहीही करू शकते. पण मला नातू नाही, मुलगी नागपूरला नोकरी करते आणि तिच्या लग्नाचा विषय तिनं स्वतःकडे ठेवलेला आहे. मग खोटं कशाला बोलायचं? माझं वय झालेलं, केस पांढरे झालेले, आणि मला अंगणात आगगाडी चालवायची होती. बस्स.

मी एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बरीच वर्षं उमरखेडच्या डेपोत गेली. सुरुवातीला लोक गाडीत चढले की माझ्याकडे आणि माझ्या तिकिटाच्या पेटीकडे आळीपाळीनं बघायचे. एका माणसानं तर विचारलं होतं, "कंडक्टर कुठी गेला?" मी घंटीची दोरी ओढली आणि म्हणाले, "कंडक्टर इथंच हाय, तुमी मागं सरका." त्या नोकरीनं मला एक गोष्ट पक्की शिकवली. गर्दीत आवाज चढवायला लाजायचं नाही.

पण एसटीवर माझं प्रेम कधी नव्हतं. प्रेम होतं ते आगगाडीवर. माझं माहेर बोरी अरबच्या बाजूचं. आईबरोबर दारव्ह्याहून यवतमाळला जायचं तर आम्ही त्या छोट्या नॅरोगेजच्या गाडीनं जायचो. इतकी हळू चालायची की लोक उतरून बोरं वेचायचे आणि पुन्हा चढायचे. मोठी माणसं तिला नावं ठेवायची. मला मात्र वाटायचं, ही गाडी कुणाच्या बापाला भीत नाही. तिला जेव्हा पोचायचं तेव्हाच ती पोचायची. पुढे ती बंद पडली ती पडलीच. निवृत्त होऊन बाभुळगावच्या घरी कायमची राहायला आले, तेव्हा एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्याशा देशात एका म्हाताऱ्यानं बागेत रूळ टाकले होते आणि फुलांच्या ताटव्यातून त्याची गुडघ्याएवढी गाडी धावत होती. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. त्या म्हाताऱ्याला बाग होती, मला अंगण होतं. लिंबाचं झाड, सीताफळाची दोन झाडं, बोअरवेलचा ओटा आणि फाटकापर्यंत मोकळी जागा. आणि ते अंगण माझ्या नावावर होतं. प्लॉट मी नोकरीत असताना घेतला होता.

विकत मिळणारे रूळ परदेशातून मागवावे लागतात, ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून खिडक्यावाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या. फर्निचरच्या कारखान्यात सागवानाचे तुकडे जाळायला पडलेले असतात, ते पोतंभर उचलले आणि आरीनं सारखे कापून स्लीपर केले. दोन पट्ट्यांमधलं अंतर चार बोटं. इंजिनाला बॅटरी लावली ती फवारणीच्या पंपाची. पंप मोडला होता, बॅटरी चांगली होती. मोटर भंगारातल्या जीपच्या वायपरची. वरचा सांगाडा तेलाच्या पिप्याचा, कापून, ठोकून, वर निळा रंग. डबेही पिप्यांचेच.

आमचे हे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर गावात मान खाली घालून चालले आणि लोकांनी त्यांना मान दिला. मी अंगणात आरी घेऊन बसले की ते पेपर घेऊन आत जायचे. एकदा फक्त म्हणाले, "पाठीमागच्या बाजूनं करता नाही येत का? रस्त्यावरून दिसते."

"गाडी हाय थे. दिसायसाठीच असते."

थंडीत रुळांचा फेरा पूर्ण झाला. फाटकाजवळून निघून लिंबाला वळसा, बोअरच्या ओट्यामागून सीताफळाखाली आणि परत फाटकाशी. इंजिन पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एकटीच होते. ते थरथरलं, थांबलं, मग निघालं, आणि वळणावर पोचून आडवं पडलं. मी उचलून ठेवलं. पुन्हा पडलं. मी पुन्हा ठेवलं. संध्याकाळपर्यंत एक फेरा न पडता झाला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठी टाळ्या वाजवायची ती माझी पहिलीच वेळ.

मग उन्हाळा आला, आणि आमच्या काळ्या मातीनं आपला रंग दाखवला. मी रूळ थेट जमिनीवर टाकले होते. मार्चपासून भेगा पडायला लागल्या, मेमध्ये त्यात हात जाईल एवढ्या झाल्या. स्लीपर त्या भेगांमध्ये लटकले. वरून ऊन असं की अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या तापून लांबल्या. त्यांना सरकायला जागा नव्हती, म्हणून त्या मधेच वर उचलल्या गेल्या. एका दुपारी माझा सरळ रूळ पार सापासारखा वाकडा झाला.

नेमके त्याच दिवशी माझे भासरे आले. ह्यांचे मोठे भाऊ, शेजारच्याच गल्लीत राहतात. कापसाची शेती, दारात ट्रॅक्टर, घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ते फाटकात उभे राहून बराच वेळ हसले.

"अपघात झाला म्हना की रेल्वेचा!"

मी वाकलेली पट्टी सोडवत होते आणि स्क्रू इतके तापले होते की पदरानं धरावे लागत होते. ते आत जाऊन ह्यांच्याशी हळू आवाजात बोलले. गेल्यावर हे बाहेर आले.

"आता पुरे कर ना. लोकं मले विचारून राह्यले."

"काय विचारतात?"

"तुही तब्येत बरी हाय का म्हणून."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, ते डोक्याबद्दल विचारत होते. माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला, कारण रागाच्या भरात तो हातात नको होता.

"त्यायले सांगा, बरी हाय. इतकी बरी याच्या आधी कधी नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून मी कुदळ घेतली. सगळ्या फेऱ्याची माती हातभर खोल काढली. सकाळी ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं, रोज. मजूर लावता आला असता, पण मला लावायचा नव्हता. चरात मुरूम भरला, धुमसानं ठोकला, त्यावर बारीक गिट्टी. पट्ट्यांच्या जोडाशी आता मी फट ठेवली आणि जोडपट्टीची भोकं लांबट केली, म्हणजे उन्हात रूळ सरकेल पण सुटणार नाही. ती भोकं कानशीनं घासत असताना एकदम लक्षात आलं. लहानपणी त्या गाडीत ऐकू यायचा तो खटक-खटक आवाज अशाच फटींचा होता. तापायला जागा ठेवलेली असते म्हणून तो आवाज येतो. मी बोअरच्या ओट्यावर बसून एकटीच हसले. हे खिडकीतून बघत होते, त्यांना काय वाटलं असेल ते असो.

पावसाळा गेला आणि रूळ हलला नाही. सबंध पावसाळा. माती फुगली, चिखल झाला, पण मुरमावरची माझी लाइन जशीच्या तशी. दिवाळीनंतर गाडी रोज संध्याकाळी चालायला लागली. रस्त्यानं जाणारे लोक फाटकाशी थांबायचे. कुणी हसायचे, कुणी मोबाइल काढायचे. "गाडीवाली बाई" असं माझं नाव पडलं. पडू दे म्हटलं. आधीचं नाव "मास्तरची बायको" होतं.

मग भासऱ्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाला खूप नाटकं नसतात, बुद्धवंदना होते, पुष्पहार होतात, पण पंगतीला सारा गाव लागतो. भासऱ्यांच्या घरासमोर जागा नाही. एका सकाळी ते मांडववाल्याला घेऊनच आले. मला विचारायला नाही, जागा दाखवायला.

"इथून खांब, इथून खांब," ते हातानं दाखवत होते. "इकडं आचारी बसतीन. अन् हे खेळनं तेवढं काढून टाकू."

मी पाणी द्यायला बाहेर आले होते. तांब्या ओट्यावर ठेवला.

"भाऊजी, मांडव टाका. खुशाल टाका. रूळ निघत नाही."

"काहून? चार दिवसाची तं गोष्ट हाय. मंग परत टाकजा."

"खाली मुरूम हाय, गिट्टी हाय. लोकं तुडवतीन, ट्रॅक्टर येईन, समदं दबून जाईन. रुळाच्या आतल्या अंगानं पंगती बसवा, मी हात लावते, सैपाकाले उभी राह्यते. पन लाइन निघत नाही."

ते ह्यांच्याकडे वळले. "तू सांगून राह्यला का इले, का मी सांगू?"

हे खाली बघत होते. मांडववाला लिंबाच्या फांद्या मोजल्यासारखा वर बघत होता. मला ह्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. होती. पण ते बोलले नाहीत, म्हणून मीच बोलले.

"त्यायले कायले विचारता? लाइन त्यायची नाही. जागाबी माह्या नावावर हाय. विचारायचं तं मले विचारा. अन् मले विचारलं तं मी सांगितलं."

"घरच्या पोराच्या लग्नापेक्षा पिप्याची गाडी मोठी झाली का तुमाले?"

"लहान-मोठं मी कुठी म्हनलं? पोरगा माह्याबी अंगाखांद्यावर खेळला. पन मी वर्षभर खपून केलेली गोष्ट तुमी एका हातानं 'काढून टाका' म्हनता, थे मले चालत नाही."

माझा आवाज चढला होता. एसटीतला आवाज. रस्त्यावर दोघी बाया थांबल्या होत्या. भासरे निघून गेले. मांडववाला त्यांच्या मागं गेला, पाणी न पिता.

पंगती शेवटी गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात झाल्या. आम्हाला बोलावणं आलं, पण जावेनं पाठवलेलं, भासऱ्यांनी नाही. हे म्हणाले, "आपन जाऊ नये. तमाशा होईन."

"मी जाते. पोराचं लग्न हाय, भाऊजीचं नाही."

मी नवी साडी नेसून गेले. वंदनेला पहिल्या ओळीत बसले. पंगतीत माझ्या बाजूला बसलेली एक बाई कुजबुजली, "हेच का व थे गाडीवाली?" मी तिच्याकडे वळून म्हणाले, "हो बाई, मीच. पाहाले ये." तिनं पानातल्या बुंदीकडे मान वळवली. हे मागच्या पंगतीत बसले होते. आले होते, पण माझ्यापासून लांब.

लग्नानंतर काही दिवसांनी जाऊ आली, आणि नवी सून घेऊन आली. नव्या सुनेला सगळी नाती दाखवायची पद्धत असते, असं ती म्हणाली, पण तिची नजर रुळावर होती. मी गाडी सुरू केली. जाऊ ओट्यावर बसली आणि तिनं तीन-चार फेरे पाहिले. मग विचारलं, "हे तुले कोनं शिकवलं?"

"कोनीच नाही. गाडी पडत गेली, मी उचलत गेले."

"त्यायले सांगू नोको, मी आल्ती म्हणून," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "सांगतलं तं सांग." मला ते दुसरं वाक्य फार आवडलं.

ह्यांनी गाडीचं बटन आजपर्यंत दाबलेलं नाही. कौतुकही केलेलं नाही. पण आता सकाळी ते खराटा घेऊन रुळांवरचा लिंबाचा पाला झाडतात. मी विचारलं तर म्हणाले, "पाय घसरून कोनी पडीन." मांडववाला आला त्या दिवशी ते बोलले असते तर बरं झालं असतं, हे मी विसरलेले नाही, आणि पाला झाडतात हेही मला दिसतं. दोन्ही खरं आहे.

परवा संध्याकाळी भासरे आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. काही कागदावर ह्यांची सही हवी होती म्हणे. फाटक उघडून ते आत आले, आणि आत यायचं तर रूळ ओलांडावाच लागतो. गाडी तेव्हा सीताफळाखालून वळून फाटकाकडे येत होती. त्यांनी पाय उचलला.

"थांबा भाऊजी," मी म्हणाले. "गाडी येऊन राह्यली."

त्यांचा पाय हवेतच राहिला. मग तो खाली आला, रुळाच्या अलीकडे. ते उभे राहिले. इंजिन गेलं, पहिला डबा गेला, आणि मागचा डबा नेमका त्यांच्यासमोर रुळावरून उतरला. हे दारात आले होते, तेही पाहत होते.

"आता?" भासरे म्हणाले.

"आता लाइन क्लियर व्हायची हाय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं, सावकाश चालत गेले, खाली बसले आणि डबा उचलून एकेक चाक रुळावर बसवलं. मला घाई नव्हती.