छापखान्यातलं जुनं कर्नेल

चंद्रपुरात आमच्या शेजारच्या चाचींचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. तिथल्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. एका दुपारी त्याचं कर्नेल, म्हणजे यंत्रं ओळखणारा गाभा, मी अपडेट केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. प्रिंटरच दिसेना. सावली गावचे एक वरपिता पत्रिकेचा मजकूर तपासायला येऊन बसले होते. नवीन कर्नेल प्रिंटर ओळखत नाही, असं मी चाचींना सांगितलं.

“जुनं काढून टाकलं का?” चाचींनी विचारलं.

“नाई, आहे.”

“मग तेच लाव ना, बेटा. नवीन काऊन पाह्यजे?”

कॉम्प्युटर सुरू होताना दिसणाऱ्या मेनूतून मी जुनं कर्नेल निवडलं. प्रिंटर चालला. मग बूटच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी तेच कायमचं लावलं. वरपित्यांनी छापून आलेला नमुन्याचा कागद वाचला आणि नवरदेवाच्या मामाचं नाव दुरुस्त करायला सांगितलं.